एका कंपनीतली माणसं

जनरल विल्यम शर्मन १४ फेब्रुवारी १८९१ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारला. अंत्ययात्रेत शवपेटीच्या बाजूने चालण्याचा मान ज्यांना मिळाला, त्यांत चौऱ्याऐंशी वर्षांचा एक म्हातारा होता. त्याचं नाव जोसेफ जॉन्स्टन. सव्वीस वर्षांपूर्वी, एप्रिल १८६५ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका शेतकऱ्याच्या घरात बसून दक्षिणेचा सेनापती असलेल्या याच जॉन्स्टनने उत्तरेच्या शर्मनपुढे शरणागती लिहून दिली होती. दक्षिणेचं सैन्य तेव्हा उपाशी होतं. शर्मनने त्या सैन्याला दहा दिवसांचा शिधा दिला. पुढे जॉन्स्टन जगला तोवर शर्मनची निंदा त्याने कोणाकडूनही ऐकून घेतली नाही. अंत्ययात्रेच्या दिवशी कडाक्याची थंडी होती आणि हा म्हातारा बोडक्या डोक्याने उभा. टोपी घाला, आजारी पडाल, असं कोणीतरी म्हणालं. त्याने ऐकलं नाही. सर्दी झाली, ती छातीत उतरली, आणि २१ मार्चला जॉन्स्टनही गेला.

अमेरिकन यादवीवर लिहिणाऱ्याला ही गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. मलाही आवरला नाही. अशीच दुसरी गोष्ट युलिसिस ग्रँट आणि सायमन बकनर यांची. १८५४ मध्ये लष्करातून राजीनामा देऊन ग्रँट खिशात दमडी नसताना न्यूयॉर्कला पोहोचला, तेव्हा हॉटेलच्या बिलाची हमी बकनरने घेतली. आठ वर्षांनी फोर्ट डोनल्सनवर दक्षिणेच्या बाजूने शरण आलेला सेनापती बकनरच होता, आणि उत्तरेचा सेनापती असलेल्या ग्रँटने जुना उपकार बाजूला ठेवून बिनशर्त शरणागतीच मागितली. मात्र १८८५ च्या जुलैत घशाच्या कर्करोगाने वाचा गेलेल्या ग्रँटला भेटायला बकनर मुद्दाम गेला. ग्रँट कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून त्याच्याशी बोलला, आणि काही दिवसांनी निघालेल्या अंत्ययात्रेत बकनर मानकऱ्यांमध्ये होता.

गोष्टी खऱ्या आहेत, हृद्य आहेत, पण सेनापतींच्या या दिलजमाईचं मला तितकंसं अप्रूप वाटत नाही. ही मंडळी वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून बाहेर पडलेली, युद्धाआधी एकाच सैन्यात चाकरी केलेली. चार वर्षांची यादवी म्हणजे त्यांच्या जुन्या ओळखीत पडलेला खंड होता. ज्यांची ओळखच मुळी युद्धात झाली, किंवा गावातली साधी तोंडओळख युद्धात जिवाभावाची झाली, त्या साध्या शिपायांचं पुढे काय झालं? कारण एका हिशेबाने सव्वासहा लाख आणि २०११ मध्ये जनगणनेच्या आकड्यांवरून मांडलेल्या नव्या हिशेबाने साडेसात लाख माणसं या युद्धात मेली. १८६० साली देशाची लोकसंख्या होती तीन कोटी चौदा लाख. म्हणजे चाळीस-पन्नास माणसांमागे एक मृत्यू, आणि मेलेले बहुतेक तरणेताठे.

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी ‘कंपनी’ काय होती ते पाहायला हवं. कागदोपत्री कंपनी शंभर माणसांची आणि अशा दहा कंपन्यांची एक रेजिमेंट. पण ही शंभर माणसं कुठल्या तरी भरती कार्यालयाने देशभरातून वेचून एकत्र आणलेली नसत. गावातला एखादा वकील, दुकानदार नाहीतर राजकारणी पुढाकार घ्यायचा, चौकात सभा व्हायची आणि त्या गावाची, त्या तालुक्याची पोरं नाव नोंदवायची. सख्खे भाऊ, मेहुणे, एका शाळेतले, एका चर्चमधले, एका कारखान्यातले. कुठे सगळी कंपनी जर्मन बोलणाऱ्यांची, कुठे सगळी आयरिश. सुरुवातीला तर कप्तानही मतं घेऊन निवडत. उत्तरेकडच्या राज्यांना जुन्या रेजिमेंटमध्ये भरती करण्यापेक्षा नव्या उभ्या करण्यात रस होता, कारण नवी रेजिमेंट म्हणजे वाटायला नव्या हुद्द्यांची रास. त्यामुळे जुन्या कंपन्या रोगराईने आणि लढायांनी झिजत गेल्या. दोन वर्षांत शंभराचे तीस-चाळीस उरत. जे उरत ते एकमेकांची खोकल्याची ढबसुद्धा ओळखत.

या माणसांबद्दल आपल्याला आज इतकं माहीत आहे, याचं श्रेय सरकारी कागदांना द्यावं लागतं. भरतीची नोंद, हजेरीपट, इस्पितळाची नोंद, पेन्शनचा अर्ज, डॉक्टरांच्या तपासण्या, जनगणना, मृत्यूचा दाखला. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फोगेल याने हे सगळे कागद माणसामागून माणूस जुळवून उत्तरेच्या हजारो सैनिकांची आयुष्यं जन्मापासून मरणापर्यंत मांडण्याचा खटाटोप सुरू केला. १९९३ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं ते आर्थिक इतिहासातल्या त्याच्या कामाबद्दल. या साठ्यावर पुढे डोरा कोस्टा आणि मॅथ्यू काह्न या अर्थशास्त्रज्ञ जोडप्याने काम केलं आणि २००८ मध्ये ‘हीरोज अँड कावर्ड्‌स’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा पहिला प्रश्न साधा होता. महिना तेरा डॉलर पगार, मरणाची शक्यता मोठी, पळून जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना मृत्युदंड. मग शहाणा माणूस पळून का जात नाही? दहांतला साधारण एक पळाला. उरलेले नऊ का थांबले? देशभक्ती होती, सेनापतींवर विश्वास होता, पण आकड्यांत सर्वांत ठळक दिसलं ते कंपनीतलं सारखेपण. एका वयाची, एका धंद्याची, एका मुलखातून आलेली माणसं जिथे जास्त, तिथे पळणारे कमी. कारण उघड आहे. पळालास तर गावात तोंड कसं दाखवणार? या दोघांना असंही दिसलं की पळालेल्यांपैकी अनेक जण युद्धानंतर आपल्या गावी राहिले नाहीत. विशेषतः युद्धाच्या बाजूने उभ्या असलेल्या गावांतून ते निघून गेले. कंपनी धरून ठेवते ती अशी दोन्ही हातांनी, प्रेमाने आणि लाजेने.

त्यांचा दुसरा प्रश्न अँडरसनव्हिलबद्दलचा होता.

जॉर्जिया राज्यातला हा युद्धकैद्यांचा तळ फेब्रुवारी १८६४ मध्ये सुरू झाला. तळ म्हणजे ओंडक्यांच्या उंच कुंपणाने वेढलेलं उघडं माळरान. आत छप्पर नाही, बराकी नाहीत. दहा हजारांसाठी आखलेल्या या जागेत ऑगस्टपर्यंत सुमारे ३३ हजार माणसं कोंबली गेली, आणि तीही जागा वाढवून झालेल्या २६ एकरांत. मधून एक ओहोळ वाहत होता. त्याच्या वरच्या अंगाला पहारेकऱ्यांची छावणी आणि भटारखाना, त्यामुळे कैद्यांपर्यंत येणारं पाणी आधीच नासलेलं. प्यायला तेच आणि शौचालाही तेच. कुंपणाच्या आत काही फुटांवर एक हलका कठडा होता. तो ओलांडला की पहारेकरी गोळी घाली. चौदा महिन्यांत ४५ हजार कैदी इथे आले आणि जवळपास १३ हजार इथेच मेले, जुलाब, आमांश आणि स्कर्व्हीने. इतकी गर्दी झाली कशी? आधी दोन्ही बाजू कैद्यांची अदलाबदल करत. ती १८६३ मध्ये मोडली, आणि त्याचं एक मोठं कारण असं की पकडलेल्या काळ्या सैनिकांना गोऱ्यांच्या बरोबरीने युद्धकैदी मानायला दक्षिण तयार नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढच्या पन्नास वर्षांत तो बहुतेकांनी सोयीस्करपणे विसरून टाकला.

अशा जागी मित्र असणं म्हणजे काय असतं? दोन घोंगड्या असतील तर एक काठ्यांवर ताणून छप्पर करता येतं आणि एक खाली अंथरता येते. एकट्याकडे एकच घोंगडी असते, आणि तो पाण्याला गेला की तीही राहत नाही. तापाने पडलेल्याला शिधा आणून देणारा लागतो, कारण रांगेत उभं राहिलं नाही तर त्या दिवशी काही नाही. मक्याचं भरड, कोंड्यासकट दळलेलं पीठ शिजवायला लाकूड लागतं, लाकूड विकत घ्यावं लागतं, आणि एका भांड्यात चौघांचं शिजवलं तर लाकूड पुरतं. शिवाय तळात कैद्यांचीच एक लुटारू टोळी होती. नव्याने आलेल्या, एकट्या माणसाला गाठून त्याचं घड्याळ, पैसे, अंगावरचा कोट काढून घ्यायची, प्रसंगी जीवही घ्यायची. शेवटी बाकीच्या कैद्यांनी तळप्रमुखाच्या परवानगीने आपल्यातलेच पंच नेमून खटला चालवला आणि ११ जुलै १८६४ रोजी टोळीतल्या सहा जणांना फाशी दिलं.

कोस्टा आणि काह्न यांनी इथल्या कैद्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की ज्याच्या स्वतःच्या कंपनीतले जितके जास्त लोक सोबत पकडले गेले होते, तितकी त्याची जगण्याची शक्यता वाढत गेली. ते नातलग असतील किंवा एकाच समाजातले असतील तर आणखीनच. मैत्रीने बळ येतं, हे आपल्याकडे कोणीही पारावर बसून सांगेल. पण मैत्रीमुळे आमांशाने मरणाऱ्यांची संख्या घटते, हे सांगायला तेरा हजार थडग्यांचा हिशेब लागतो.

आणि तो हिशेब आपल्यापर्यंत आला तोही एका सोबत्यामुळे. कनेक्टिकटचा डोरेन्स अ‍ॅटवॉटर हा विशीच्या आतबाहेरचा कैदी हस्ताक्षर चांगलं म्हणून इस्पितळात मृतांची नोंद लिहायच्या कामाला लावला होता. दक्षिणेचे अधिकारी ही यादी कधी बाहेर जाऊ देणार नाहीत, अशी शंका येऊन त्याने चोरून दुसरी प्रत करायला घेतली. नाव, रेजिमेंट, मरणाचा दिवस, कारण, थडग्याचा क्रमांक. सुटल्यावर अंगरख्याच्या अस्तरात लपवून त्याने ती बाहेर आणली. १८६५ च्या उन्हाळ्यात युद्धात परिचारिकेचं काम केलेल्या क्लारा बार्टनबरोबर तो पुन्हा अँडरसनव्हिलला गेला. जवळपास तेरा हजार थडग्यांपैकी अवघी साडेचारशेच्या आसपास ‘अज्ञात’ राहिली, बाकी सगळ्यांवर नाव लागलं. या कामगिरीबद्दल सरकारने अ‍ॅटवॉटरला काय द्यावं? यादीच्या मालकीवरून वाद घालून, चोरीचा आरोप ठेवून, लष्करी न्यायालयापुढे उभं करून तुरुंगात टाकलं! दोनेक महिन्यांनी सुटल्यावर त्याने ती यादी ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’तर्फे छापवूनच घेतली.

आता युद्धानंतरची वर्षं. १८६५ च्या मे महिन्यात उत्तरेच्या सैन्यात दहा लाखांवर माणसं होती. वर्ष संपायच्या आत त्यांतली आठ लाख घरी पाठवली गेली. शेवटचा पगार घेतला, गाडी पकडली, घर गाठलं. मनाचं काय झालं हे विचारायची रीत नव्हती आणि विचारायला शब्दही नव्हते. फिलाडेल्फियातल्या एका लष्करी इस्पितळातल्या जेकब दा कोस्टा या डॉक्टरने धडधड, धाप, छातीत कळ, झोप नाही अशी लक्षणं असलेले सुमारे तीनशे सैनिक तपासले आणि १८७१ मध्ये त्यावर निबंध छापला. हृदयात दोष सापडत नव्हता, तरी हृदय स्वस्थ नव्हतं. युद्ध चालू असताना घरच्या ओढीने खंगणं हाही सैन्याच्या डॉक्टरांच्या लेखी एक रोग होता आणि त्याचे पाच हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते.

या जखमांचा मैत्रीशी संबंध काय, हे कळायला २००६ साल उजाडावं लागलं. ज्युडिथ पिझारो आणि तिच्या सहकाऱ्यांनी सुमारे सतरा हजार सातशे सैनिकांच्या युद्धोत्तर वैद्यकीय नोंदी तपासल्या. ज्याच्या कंपनीतली जास्त माणसं मारली गेली होती, त्याला पुढे शरीराचे आणि मज्जासंस्थेचे विकार एकत्र जडण्याचा धोका दीडपट होता. अठराच्या आत भरती झालेल्या पोरांचं तिशी ओलांडलेल्यांपेक्षा जास्त नुकसान झालं होतं. ते स्वाभाविक आहे, कारण त्या पोरांचं सगळं जगच ती कंपनी होती. म्हणजे जी जवळीक अँडरसनव्हिलमध्ये जीव वाचवत होती, तीच शेजारचा सोबती पडल्यावर तीस वर्षं छातीत दुखत राहत होती. त्या काळच्या डॉक्टरांची निदानं आजच्या कसाला उतरणार नाहीत, हे खरं. पण इतक्या माणसांच्या नोंदींत एकच दिशा दिसते तेव्हा तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

२०१० मध्ये कोस्टा आणि काह्न यांनी याला आणखी एक पदर जोडला. भीषण लढायांतून गेलेले सैनिक म्हातारपणी लवकर मरत होते, हे त्यांनाही दिसलं. पण ज्यांची कंपनी एकजिनसी, घट्ट होती, त्यांच्यावर या ताणाचा परिणाम बराच कमी झाला होता. नंतरच्या एका अभ्यासात तर असं आढळलं की घर बदलताना आपल्या जुन्या कंपनीतला कोणी जिथे राहतो, तिथे राहायला जाण्याकडे या लोकांचा कल होता. एवढा मोठा देश, पश्चिमेला जमीन मोकळी, आणि माणूस मुक्काम ठरवतो तो तंबूतल्या जुन्या सोबत्याचा पत्ता पाहून.

प्रत्यक्ष न भेटता जुळलेल्या सोबतीचं, उजवा हात गमावलेल्यांचं उदाहरण मला फार आवडतं. न्यूयॉर्कमध्ये विल्यम ओलंड बोर्न नावाचा संपादक ‘द सोल्जर्स फ्रेंड’ हे सैनिकांसाठीचं पत्र चालवत असे. १८६५ मध्ये त्याने डाव्या हाताच्या हस्ताक्षराची स्पर्धा जाहीर केली. अट एकच, स्पर्धकाचा उजवा हात युद्धात गेलेला किंवा निकामी झालेला हवा. बक्षिसांची रक्कम एकूण हजार डॉलर. त्या काळी चांगलं अक्षर म्हणजे कारकुनाची नोकरी, त्यामुळे स्पर्धेमागे पोटाचा विचार होताच. शेकडो नमुने आले. वळणदार, झुपकेदार, काही तर छापल्यासारखे. बऱ्याच जणांनी मजकूर म्हणून आपला हात कुठल्या लढाईत गेला तेच लिहून धाडलं. १८६६ मध्ये या कागदांचं प्रदर्शन भरलं. हे स्पर्धक एकमेकांना कधी भेटले नव्हते, तरी ‘डाव्या हाताची पलटण’ म्हणून त्यांची ओळख झाली.

माजी सैनिकांची सर्वांत मोठी संघटना होती ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक. बेंजामिन स्टीफन्सन या लष्करी डॉक्टरने ६ एप्रिल १८६६ रोजी इलिनॉयमधल्या डेकेटर गावी तिची पहिली शाखा काढली. गंमत अशी की पहिली दहा-बारा वर्षं तिच्याकडे फारसं कोणी फिरकलं नाही. १८७६ मध्ये सदस्य जेमतेम सत्तावीस हजार. माणसांना आठवायचंच नव्हतं. संसार, शेती, धंदा यांत त्यांनी डोकं घातलं होतं. मग ऐंशीच्या दशकात चाळिशी उलटली, सांधे धरू लागले, आणि एकाएकी सगळ्यांना जुने सोबती हवेसे झाले. १८९० पर्यंत सदस्यसंख्या चार लाखांवर गेली.

यात नुसत्या आठवणीच नव्हत्या, पेन्शनही होती. १८७९ च्या कायद्याने थकबाकीसकट पेन्शन मिळू लागली आणि १८९० च्या कायद्याने नव्वद दिवस नोकरी केलेल्या कुठल्याही अपंग माजी सैनिकाला, अपंगत्व युद्धातलं नसलं तरी, दार उघडलं. १८९३ पर्यंत केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा चाळीस टक्क्यांहून मोठा वाटा या पेन्शनमध्ये जात होता. संघटनेने त्यासाठी राजकारण्यांवर दडपण आणलं, मतांचे गठ्ठे हलवले, हे लपवण्यासारखं नाही. म्हणून ती मैत्री खोटी ठरते का? मला नाही वाटत. पेन्शनचा अर्ज कसा चाले ते पाहा. १८६३ च्या चढाईत पावसात भिजल्याने संधिवात जडला, असं अर्जदार लिहितो. इस्पितळात नोंद नाही. मग पुरावा काय? त्याच तंबूत झोपणाऱ्या दोघांची शपथपत्रं. ते दोघे आता कुठे आहेत? एक आयोवात, दुसऱ्याचा पत्ता नाही. वॉशिंग्टनहून निघणाऱ्या ‘नॅशनल ट्रिब्यून’ या माजी सैनिकांच्या पत्रात अशा हरवलेल्या सोबत्यांना शोधणाऱ्या सूचना छापून येत. सोबती सापडायचा, गावातल्या नोटरीपुढे उभा राहायचा आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका रात्री शेजारच्या माणसाला कसा ताप भरला, आपण त्याची बंदूक किती मैल वाहिली, हे शपथेवर सांगायचा. मित्राची आठवण हा इथे रोख रकमेचा दस्तऐवज होता.

शाखांमध्ये हुद्दे गळून पडत, कर्नल असो की शिपाई, हाक एकच, ‘कॉम्रेड’. शेकोटीच्या नावाने बैठका भरत, घेवडा आणि लढाईत दात दुखवणारी ती टणक बिस्किटं मुद्दाम खाल्ली जात. विधवांसाठी, आजाऱ्यांसाठी फंड होता. मेलेल्याच्या दफनाला वर्दीतले सोबती येत. संघटनेचे प्रमुख जॉन लोगन यांनी १८६८ मध्ये ३० मे हा दिवस थडग्यांवर फुलं वाहण्यासाठी नेमून दिला, आणि अमेरिकेचा आजचा मेमोरियल डे त्याच फर्मानातून रूढ झाला. मात्र नव्या पिढीला सदस्य करून घ्यायचं नाही, असं संघटनेने ठरवलं होतं. शेवटचा सदस्य अल्बर्ट वूलसन २ ऑगस्ट १९५६ रोजी मिनेसोटातल्या डुलुथ इथे वारला, आणि त्याच्याबरोबर संघटनाही बंद झाली.

दक्षिणेकडे चित्र वेगळं होतं. बंडखोरांना केंद्राची पेन्शन नाही, राज्यांनी पुढे दिली ती तुटपुंजी. त्यांची मोठी संघटना १८८९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला उभी राहिली. तिथे मैत्री टिकवण्याची किंमतही वेगळी होती. जेम्स लाँगस्ट्रीट हा दक्षिणेचा सेनापती ली याचा उजवा हात, ग्रँटचा वेस्ट पॉइंटचा दोस्त. युद्धानंतर तो ग्रँटच्या पक्षात गेला, ग्रँटने त्याला न्यू ऑर्लिन्समध्ये जकातीची नोकरी दिली. १८७४ मध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांची सशस्त्र टोळी राज्य सरकार उलथवायला न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर आली, तेव्हा तिच्याविरुद्ध काळ्या सैनिकांचा मोठा भरणा असलेल्या फौजेच्या अग्रभागी लाँगस्ट्रीट होता. समोर त्याच्याच जुन्या सैन्यातली माणसं होती. त्यांनी त्याला घोड्यावरून ओढून पकडलं. दक्षिणेने त्याला माफ केलं नाही, आणि गेटिसबर्गच्या लढाईतल्या पराभवाचं खापरही मग त्याच्याच माथी फुटत राहिलं.

लाँगस्ट्रीटला जे जमलं नाही, ते १९१३ मध्ये सगळ्या देशाला एका आठवड्यात जमल्यासारखं दिसलं. गेटिसबर्गच्या लढाईला पन्नास वर्षं झाली म्हणून दोन्ही बाजूंचे त्रेपन्न हजारांवर म्हातारे तिथे जमले. सरासरी वय सत्तरीच्या पुढे, जुलैचं ऊन, तंबूंचं अफाट शहर. ३ जुलैला, ज्या दगडी भिंतीपाशी दक्षिणेच्या पिकेट या सेनापतीची चढाई फुटली होती, तिथे एका बाजूने निळ्या आणि दुसऱ्या बाजूने करड्या गणवेशातले म्हातारे आले आणि भिंतीवरून त्यांनी हस्तांदोलन केलं. छायाचित्रं निघाली, देशभर छापली गेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी भाषण केलं, जुनं भांडण विसरलं गेलं आहे असा त्याचा सूर होता. भांडण कशावरून होतं, ते मात्र त्यांनी काढलं नाही. त्याच वर्षी त्यांचं सरकार वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवत होतं. उत्तरेच्या बाजूने सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक लढले होते. त्या तंबूंच्या शहरात काळी माणसं होती, ती मुख्यतः कामकरी म्हणून.

इतिहासकार डेव्हिड ब्लाइटने २००१ च्या ‘रेस अँड रीयुनियन’मध्ये हे सविस्तर मांडलं: गोऱ्या शत्रूंची मैत्री जुळली ती काळ्या सोबत्यांना बाहेर ठेवून. आपल्याकडे मात्र या युद्धातून नेमका तोच विसरलेला भाग, गुलामांच्या मुक्तीचा, उचलला गेला होता. मुंबईला या युद्धाने कापसाचा पैसा दिला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो बुडवलाही. पण पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. गेटिसबर्गच्या व्यासपीठावर चाळीस वर्षांनी जे कोणी उच्चारलं नाही, ते पुण्याच्या माळ्याच्या पोराला स्वच्छ दिसलं होतं.

काळ्या पलटणींची मैत्री वेगळ्या मातीत रुजली. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर, काळ्याला दहा आणि त्यांतून कपड्याचे तीन कापून सात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या रेजिमेंटने हा कमी पगार हातात घ्यायलाच नकार दिला. वर्षाहून अधिक काळ फुकट लढले, घरी बायकामुलांचे हाल झाले, पण फूट पडली नाही. अखेर जून १८६४ मध्ये संसदेने पगार सारखा केला. युद्धानंतर ग्रँड आर्मीने कागदावर रंगभेद मानला नाही. काही गावांत काळे-गोरे एका शाखेत बसत, बऱ्याच ठिकाणी काळ्यांच्या शाखा वेगळ्या असत.

कोस्टा आणि काह्न यांचा सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष याच पलटणींबद्दलचा आहे. सारखेपणामुळे कंपनी घट्ट होते, हे आपण पाहिलं. पण ज्या माजी गुलामांच्या कंपनीत उत्तरेतले जन्माने स्वतंत्र असलेले काळे होते, लांबलांबच्या राज्यांतले लोक होते, त्यांना दुसराच फायदा झाला. ते लिहायला-वाचायला जास्त शिकले, मळेवाल्याने दिलेलं नाव टाकण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं, आणि युद्धानंतर सोबत्यांकडून ऐकलेल्या मुलखांत ते जाऊन वसले. सारख्यांच्या कंपनीत माणूस तगतो, वेगळ्यांच्या कंपनीत तो शिकतो. दोन्ही एकाच वेळी मिळणं कठीण, हे ते दोघेही कबूल करतात.

नाव बदललं की पेन्शन कचेरीत मात्र पंचाईत व्हायची. गुलामाच्या जन्माची नोंद नाही, लग्नाचा दाखला नाही, कारण त्याचं लग्न कायदा मानतच नव्हता. हजेरीपटावर मालकाचं आडनाव आणि अर्जावर दुसरंच. तपासनीस गावात यायचा, चौकशी करायचा, संशय घ्यायचा. अशा वेळी कंपनीतला कोणी हयात असला तर त्याला बोलावणं जायचं. त्याला स्वतःला सही येत नसली तर तो फुली करायचा, आणि तिच्या वरच्या मजकुरात लिहिलेलं असायचं की हा माणूस तोच आहे, आम्ही एका तंबूत होतो, तेव्हा याचं नाव वेगळं होतं.